बरडावरचा गाळ

वडिलांच्या दोन जमिनी होत्या. एक अकोल्याजवळची काळी, कापसा-तुरीची. दुसरी चिखलदऱ्याच्या घाटातली, डोंगरउतारावरची बरड. मातीपेक्षा गोटेच जास्त. धाकट्या बहिणीनं हिस्सा मागितला तेव्हा मी मोठ्या मनानं तिला बरड दिली. ‘मोठ्या मनानं’ हे मी लोकांना सांगायचो. खरं तर ते गोटे पाहून ती हिस्सा सोडून देईल, अशी मला आशा होती.

तिनं सोडला नाही. तिथं पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली आणि जगवली. दर राखीला ती हसत यायची, अन् मला माझा हात पुढे करायची लाज वाटायची.

मग मी भरपाई करायचं ठरवलं. ती कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला गेली होती, तेवढ्यात तलावातला काळाशार गाळ आणून तिच्या खालच्या चार ओळींत पसरून टाकला. काळीत वाढलेल्या माणसाला याहून मोठा आहेर सुचत नाही.

परत आल्यावर तिनं कपाळाला हात लावला. “दादा, हे काय करून ठेवलं?”

“तुह्या जमिनीले जरा अंग आणलं.”

“अंग? मी कायले हे गोटे जपून राहिली मंग?”

त्या ओळी अशा फोफावल्या की मी गावभर फोटो दाखवले. पुढच्या वर्षी वाइनरीनं वरच्या आणि खालच्या ओळींची वाइन वेगवेगळी काढून दिली. बहिणीनं दोन ग्लास माझ्यापुढे ठेवले. मी कधी दारूला शिवलो नव्हतो, पण नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

वरच्या ओळींची जिभेवर कैरीसारखी लागली, नंतर ओल्या दगडाचा वास आला. खालच्या ओळींची म्हणजे द्राक्षं धुतलेलं पाणी.

ती म्हणाली, “उतारावर पाणी थांबत नाही. वेल गोट्यांत खोल मुळं घालते. दाणा लहान राह्यते, पण चव दाट. वरून गार वारा उतरते, म्हणून आंबटाई टिकते. तू त्याले बसल्या जागी जेवू घातलं, तं तो सुस्तावला. तुह्यासारखा.”

मी हसलो, आणि हसता हसताच सांगून टाकलं, “तू हिस्सा सोडशील म्हणून देली होती मी बरड.”

“मालूम आहे मले.”

“मंग बोलली काहून नाही?”

“बोलली असती तं तू काळी देली असती. मंग मी काय, कापूस काढत बसली असती?”

तिनं कोपऱ्यातलं फावडं आणि घमेलं माझ्यापुढे आणून ठेवलं.

“आता हा गाळ तूच उपस. अन् जाताना तुह्या काळीत घेऊन जा, आहेर म्हणून.”

तीन दिवस झाले, उपसतो आहे. कंबर धरली आहे. दुपारी ती बांधावर बसून भाकर खाते आणि ओरडते, “दादा, गोटे नको उचलू बरं, ते माह्या हिश्शाचे आहेत!”