कुंकू लावलेलं पिस्तूल

जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात माझ्याबरोबर एक कारकून होते. त्यांच्या कोटाच्या खिशात मुठीत मावेल एवढं पिस्तूल असायचं. रविवारी शिरपामाळावर भोपळा ठेवून नेम धरत. बार वाळकी काटकी मोडल्यासारखा वाजे, तरी विचारत, "कसा दणका?" मला हसू येई. दसऱ्याला ते पिस्तुलाला तेलात कालवलेलं कुंकू फासत आणि कुणाला पुसू देत नसत.

एका दसऱ्यानंतर मोखाड्याच्या बाजारात पिसाळलेला कुत्रा शिरला. माणसं पळाली, हे पुढे झाले. चाप ओढला, पण कुंकवाने चिकटलेला घोडा हलेना. तरी नेम धरून तसेच उभे राहिले. कुत्रा वळला आणि ओढ्याकडे निघून गेला.

"अहो, उडालंच नाही ते!" मी ओरडलो.

"कुत्र्याला कुठं ठाऊक होतं?" ते म्हणाले.

पिस्तूल परत ठेवायला मात्र त्यांना खिसा सापडेना. शेवटी मीच त्यांचा हात धरून खिशात घातला.