इस्त्रीघरातल्या दोघी जावा

शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी जिथे धुऊन, इस्त्री होऊन निघत, त्या लाँड्रीत धाकटीला मुकादम केलं, तेव्हा तिला आनंद झाला त्याहून धडकी जास्त भरली. कारण इस्त्रीच्या मोठ्या रुळावर काम करणाऱ्या बायकांत तिची थोरली जाऊ होती.

घरात शब्द थोरलीचा. गॅस कसा बारीक करायचा इथपासून सासऱ्यांशी केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं इथपर्यंत सगळं धाकटीला तिनेच शिकवलेलं. लाँड्रीतही तीच आधी लागली होती आणि मालकाकडे शब्द टाकून तिनेच धाकटीला आत घेतलं होतं. मुकादमी मात्र धाकटीला मिळाली. तिला यंत्रं कळत, आणि मालकासमोर तिची जीभ अडखळत नसे.

"बरं झालं, घरातच राहिलं," थोरली सगळ्यांदेखत म्हणाली आणि मनापासून म्हणाली. पंचाईत झाली ती दुसऱ्या दिवसापासून. धाकटीला 'तू' म्हणावं तर बायका गालात हसणार, 'तुम्ही' म्हणावं तर स्वतःलाच हसू फुटणार. थोरलीने मग मधली वाट काढली. "रूळ थांबवायचा का?" "ही चादर बाजूला काढायची का?" तूही नाही, तुम्हीही नाही. सबंध दिवस ती असं बोले आणि घरी पोचल्या पोचल्या, "अगं ए, दूध तापवलंस का?" म्हणून मोकळी होई.

धाकटीच्या आधी तिथे शिट्टीसाहेब होते. यंत्रांच्या धडधडीत हाक ऐकू जात नाही म्हणून ते गळ्यात शिट्टी अडकवत. ती वाजली की सगळ्यांनी माना वर करायच्या आणि कोणाची चूक आहे हे न कळता सगळ्यांनीच बोलणी खायची. धाकटीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, आपल्यावर पाळी आली तर आपण कोणाला टाकून बोलायचं नाही. ती बोललीही नाही. कोणाची घडी वाकडी दिसली की मुकाट्याने मोडून स्वतः घालून ठेवायची. संध्याकाळी तिची पाठ धरायची. इकडे बायकांना वाटायचं, आपलं कामच हिला पसंत नाही.

अशात एका सकाळी दवाखान्याकडून चादरींची गाडी जशीच्या तशी परत आली. घड्या ओलसर राहिल्या होत्या, कुबट वास मारत होत्या. कोणाचं काम हे धाकटीने बघताक्षणी ओळखलं. थोरली हल्ली रुळाचा वेग वाढवते, हे तिने दोन-तीनदा पाहिलं होतं. वेग वाढला की चादर पुरती न वाळताच बाहेर येते. पण थोरल्या जावेला कसं सांगायचं? तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सगळ्यांनाच झापलं. यापुढे प्रत्येकीने प्रत्येक चादर गालाला लावून बघायची, म्हणाली.

धुलाईच्या यंत्रावरचा पैलवान अंगाने आडदांड, बोलायला हळू. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण चूक एकीची आणि बोलणी सगळ्यांना, हे शिट्टीसाहेबांचंच झालं की. तुमची शिट्टी तेवढी वाजत नाही."

धाकटीने डबा अर्ध्यावरच मिटला.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना तिने कसाबसा विषय काढला. "जाऊबाई, तो रूळ जरा..."

"हे बघ," थोरलीने हात पुसले, "लाँड्रीचं लाँड्रीत बोल. इथे स्वयंपाकघरात मला धडे द्यायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी धाकटीने तिला चादरींच्या कपाटांमागे बोलावलं. एका दमात बोलली. "जाऊबाई, परत आलेल्या चादरी तुमच्या रुळावरच्या होत्या. तुम्ही वेग वाढवता. असं चालणार नाही."

थोरलीने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "काल सगळ्यांसमोर सगळ्यांना बोललीस ना, तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं. माझ्यापायी त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. मलाच का नाही बोललीस?"

"तुम्ही मोठ्या. जीभ रेटेना."

"घरी मी तुला बोलते तेव्हा माझी बरी रेटते!" थोरली हसली आणि लगेच गंभीर झाली. "मला त्या रुळाची वाफ सोसत नाही गं आता. थोडा वेळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लवकर उरकून बाजूला व्हावं म्हणून वेग वाढवायचे."

"मग सांगायचं नाही का?"

"तुला? दूध उतू गेलं म्हणून मी तुला बोलणार, आणि इथे तुझ्यापुढे रडगाणं गाणार?"

कपाटांमागे दोघी हसल्या तेव्हा बाकीच्या बायका काम सुरू करायचं सोडून कान देऊन उभ्या होत्या.

धाकटीने त्यांना तिथेच सगळं सांगितलं. जाऊबाईंना वाफेपासून लांब हवं. खिडकीशी फाटक्या चादरी शिवायचं टेबल आहे, तिथे त्यांना बसवावं म्हणते. ती जागा साऱ्यांनाच हवीशी. एक जण फणकारलीच, "घरच्या माणसाला बरी खिडकी मिळते!"

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "म्हणून विचारतेय. आणखी कोणाला वाफेचा त्रास होत असेल तर आत्ता सांगा. आलटून पालटून बसा."

दोन हात वर झाले. एक त्या फणकारणारीचाच होता.

दुपारी मालक आला. त्याला चादरींचं कळलं होतं. "कोणाचं काम हे? नाव सांगा."

"माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणजे माझं," धाकटी म्हणाली. "ज्यांच्या हातून झालं त्यांच्याशी मी बोललेय. आज सगळ्या चादरी पुन्हा धुऊन, इस्त्री करून पाठवतो."

मालक थोडा गुरगुरला आणि निघून गेला. त्या दिवशी काम सुटल्यावरही सगळ्याच आपणहून थांबल्या, आणि गाडी भरूनच घरी गेल्या. धाकटीने एकही घडी मोडली नाही. एक वाकडी दिसली, तर जिची होती तिलाच दाखवली. तिने जीभ चावली आणि नीट केली.

थोरली आता खिडकीशी बसते. तिचा टाका इतका बारीक की फाटलेलं कुठे होतं ते शोधावं लागतं. आळीपाळीने येणाऱ्या बायकांना ती शिकवते, आणि शिकवताना मुकादमापेक्षा जास्त ओरडते. "अगं, चादर शिवतेस की पोतं?" बायका हसतात. धाकटी लांबून बघते आणि मध्ये पडत नाही.

परवा काम सुटल्यावर दोघी चालत घरी निघाल्या. थोरली सांगत होती, घराला नवे पडदे घ्यायचे, निळे. धाकटी म्हणत होती, निळा रंग लवकर विटतो, रोज कपडे बघणाऱ्या बाईला एवढंही कळू नये? कोपरा आला तरी त्यांचं मिटलं नव्हतं. कापडाचं दुकान उघडं दिसलं, तशा वाद घालतच दोघी आत शिरल्या.