हा ठोका कुणाचा?

सापडत काहीच नाही, म्हणून आमच्याकडे किस्से साठतात. सापडलं असतं तर शोधनिबंध नसते का लिहिले!

आमचं काम थोडक्यात सांगतो. काही मेलेले तारे स्वतःभोवती गरागरा फिरतात. त्यातल्या काहींचे क्ष-किरणांचे ठोके उपग्रहांना मिळतात. तोच ठोका रेडिओ लहरींत येतो का, एवढंच आम्ही बघतो. बहुतेक वेळा येत नाही. का येत नाही ते विचारू नका, आम्हालाही नीट कळलेलं नाही. आम्ही म्हणजे पुण्याहून आलेले जोशी सर, त्यांची विद्यार्थिनी सायली, कॉम्प्युटर सांभाळणारे बशीरभाई आणि पिढीजात हैदराबादी असा मी.

*

सायली चिक्कडपल्लीत भाड्याने राहायची. घरमालकीण सीतम्मा रोज संध्याकाळी दारात विचारायच्या, "दोरिकिंदा?" म्हणजे, सापडलं का? सायली म्हणायची, "लेदु." नाही.

वर्षभर हेच चाललं. शेवटी सीतम्मा देवाला नारळ बोलून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सोन्याचं होतं का, अम्मा?"

*

बशीरभाईंचं दुखणं वेगळं. दुर्बीण लांब, पण तिचा सगळा डेटा आमच्याकडे येतो आणि डिस्क भरतात. एकदा ते वैतागून सरांना म्हणाले, "सर, मिलता तो कुच नै, फिर डिस्क कायकू भर रै?"

सर नुसते चष्मा पुसत बसले. काम झालं की मूळ फाइली पुसून टाकायच्या, एवढं मात्र त्या दिवशी ठरलं.

*

एकदा झकास ठोका मिळाला. लगेच आबिड्सहून मिठाई आली. सरांनी मात्र दुर्बीण मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे वळवायला लावली, तर तिथेही तोच ठोका. म्हणजे तारा वगैरे काही नाही, जमिनीवरचंच कसलं तरी यंत्र.

"तोंड फिरवलं तरी ऐकू येतं ते घरातलं असतं," सर म्हणाले. मिठाई तोवर संपली होती.

*

यानंतर सरांनी एक खोडी सुरू केली. आम्ही जागे आहोत का ते बघायला ते मूळ फाइल तशीच ठेवून आमच्या प्रतीत गुपचूप खोटे ठोके मिसळायचे. आम्ही नाचायला लागलो की शांतपणे सांगायचे, "तो माझा."

"कुठे मिसळलात ते लिहून तरी ठेवा," मी म्हटलं.

"लिहिलं की तुम्ही वाचता."

मग काहीही दिसलं की आम्ही आधी सरांचं तोंड बघायला लागलो. ताऱ्यांवर संशय घेणं ठीक आहे हो, पण गाइडवर?

*

सायलीचं शेवटचं वर्ष आलं. परदेशातली एक जागा जवळजवळ तिच्या हातात होती, फक्त एक तरी खरा ठोका दाखवायला हवा होता. आणि तो सापडला! अगदी क्ष-किरणांच्याच तालात. ती धावत सरांकडे गेली.

"सर, हा तुमचा?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"आठवत नाही गं."

मूळ फाइल बघावी तर ती पुसलेली. पुन्हा दुर्बीण लावली तर काहीच नाही. हे तारे कधी कधी चार दिवस बोलतात आणि वर्षानुवर्षं गप्प बसतात, त्यामुळे त्यावरूनही काही ठरेना. शेवटी सर म्हणाले, "माझाच असणार. सोड."

तिने सोडला. जागा गेली. आता ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पगार बरा आहे. मला मात्र त्याचं अजून वाईट वाटतं.

*

सर निवृत्त झाले तेव्हा हिमायतनगरला जेवण ठेवलं होतं. सायलीही आली होती. खुबानी का मीठा आला, सरांनी चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सायली, आत्ता आठवलं. तुझा तो ठोका आला ना, त्या महिन्यात मी पासवर्ड विसरलो होतो. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही. रोज नुसता स्क्रीनसमोर बसून उठायचो. आणि पुढे हे सगळंच विसरलो. अगं, मला काही मिसळताच आलं नसतं."

बशीरभाई माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे.

सायलीने सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं, पूर्वी बघायची तसं.

"सर," ती म्हणाली, "हाही तुमचाच ना?"