उजव्या वळणावरचा पिवळा दिवा

गाडी माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी करते. रोज सकाळी सोलापुरातून आम्ही तिघी मैत्रिणी माझ्या गाडीने निघायचो आणि गाडी मी चालवायची. दोन वर्षांत साधा ओरखडा नाही. पण दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात गाडीचं काय बिनसलं कोण जाणे, वळणावर ती आपणहून ब्रेक मारायला लागली. समोर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकायचा, खालून कर्र कर्र आवाज यायचा आणि कुणीतरी मागून पदर धरून ओढावं तशी गाडी अडायची. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा असते, तिचा तो दिवा. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, तीसच्या स्पीडला, माझी गाडी घसरतेय कुठे?

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. गाडीबद्दल मी बोलत होते आणि तिथला माणूस बघत होता माझ्या नवऱ्याकडे. "मॅडम वळणावर ब्रेक दाबत असतील सर. घाबरून होतं तसं." मॅडम समोर उभ्या आहेत बाबा, त्यांना विचार की! त्याने मशीन जोडून दिवा बंद केला आणि 'गाडी ओके' लिहून हातात कागद दिला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

मग नको तो प्रसंग घडला. माझे थोरले दीर सोलापूरला आले होते. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. उजनीच्या काठावर त्यांची केळीची बाग आहे. ट्रॅक्टर असो नाहीतर विहिरीवरची मोटर, बिघडली की आसपासच्या चार गावांतून त्यांनाच बोलावणं येतं. त्यांना शेजारी बसवून मी स्टँडवरून घरी आणत होते. उजवीकडे वळले आणि गाडीने असा गचका दिला की दादांचं कपाळ समोर आपटलं. मागचा मोटरसायकलवाला कसाबसा वाचला आणि जाताना मला शिव्या घालून गेला.

घरी आल्यावर दादांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. "लई झालं. एखाद्याचा जीव जाईल. बाईमाणसानं हौस करावी, पर इतकी न्हाय." देवापुढे ठेवलेली वस्तू दादांच्या शब्दाशिवाय उचलायची नाही, ही आमच्या घरची रीत. नवऱ्याला मुभा होती, मला नव्हती. नवऱ्याने टीव्ही लावला. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी रिक्षात कोंबून कामाला जायला लागलो.

पण गप्प बसेन तर ती मी कसली! माझा धंदाच मोजण्याचा. किल्ली जाण्याआधी प्रत्येक गचका मी वहीत टिपून ठेवला होता, जागा, स्पीड आणि वळण. एका संध्याकाळी वही उघडली आणि ताडकन उठून बसले. चौदा नोंदी आणि चौदाही उजवीकडच्या. डावीकडे वळताना एकदाही नाही. म्हणजे बाईमाणूस घाबरतं ते फक्त उजवीकडे वळताना?

रविवारी नवऱ्याला म्हटलं, "अहो, किल्ली घ्या. गाडी तुम्ही चालवा, मी नुसती शेजारी बसते." पहिल्या उजव्या वळणावर काही झालं नाही. दुसऱ्यावर कर्र कर्र आणि गचका! मी दोन्ही हात मांडीवर ठेवून विचारलं, "आता ब्रेक कुणी दाबला? मी?"  गाडी मी तशीच सर्व्हिस सेंटरकडे घ्यायला लावली.

या वेळी मी त्या माणसाला नुसता दिवा बंद करू दिला नाही. म्हटलं, मशीन लाव, गाडीत बस, सरळ रस्त्यावर सरळ चालव आणि स्टेअरिंग किती फिरलंय म्हणून आकडा येतो तो मला दाखव. आम्ही कारखान्यात माप घेण्याआधी मोजायचं साधन शून्यावर आहे का ते बघतो. शून्यच चुकीचं असेल तर दिवसभराचा माल भंगारात. गाडी नाकासमोर सरळ चालली होती आणि पडद्यावर आकडा होता नऊ अंश. गाडीला सतत वाटत होतं की आपण थोडं उजवीकडे वळलेलोच आहोत. उजवीकडे वळलं की तिच्या हिशोबापेक्षा वळण कमी पडायचं, तिला वाटायचं आपण घसरतोय, मग ती घाबरायची. मी नाही, ती!

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, स्टेअरिंग कुणी काढलं होतं का?"

माझ्या डोळ्यांसमोर खंडेनवमी उभी राहिली. गावी त्या दिवशी सगळ्या लोखंडाची पूजा असते. ट्रॅक्टर, मोटर, पाने, विळे आणि आमची गाडीसुद्धा. वैरागच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटल्यापासून गाडीचं स्टेअरिंग जरासं वाकडं झालं होतं. दादांना ते बघवेना. "वाकडं तोंड घिऊन पूजंला हुबी करायची व्हय?" म्हणत त्यांनी पाना घेतला, बॅटरी सोडली, स्टेअरिंग उपसून दांड्यावरच्या खाचांत एक दाता फिरवलं आणि सरळ बसवलं. ट्रॅक्टरला असंच करतात. त्यावर झेंडूचा हार चढला आणि आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मीसुद्धा! पण स्टेअरिंग सरळ दिसलं तरी चाकं वाकडीच राहिली आणि आत स्टेअरिंगचं वळण मोजणारी सेन्सरची कडी जागची हलली.

त्या माणसाने चाकं सरळ केली, स्टेअरिंग मूळ जागी बसवलं आणि आकडा शून्यावर आणला. परत येताना नवरा म्हणाला, "दादांना नको सांगू. सेन्सर गेला होता म्हण. किल्ली मिळाल्याशी कारण."

"नाही," मी म्हटलं. "मग चूक कुणाची होती, ते घरात तसंच राहील. माझीच."

किल्ली पुन्हा देव्हाऱ्यात गेली आणि चार दिवसांनी दादा जळालेल्या मोटरची वाइंडिंग भरून घ्यायला शहरात आले. चहा दिला, वही आणि सर्व्हिस सेंटरचा नवा कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. दादांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ट्रॅक्टरला काय हुत न्हाय ते," ते म्हणाले.

"ट्रॅक्टरमध्ये मोजणारं कुणी बसलेलं नसतं दादा. हिच्यात असतं. आणि घरात मी असते."

दादांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या एसटीची वेळ झाली होती. मी उठले, देव्हाऱ्यातल्या हळदीकुंकवातून किल्ली उचलली आणि पदराला पुसली. नवऱ्याचा चहाचा कप हातातच राहिला.

"न इचारता?" दादा म्हणाले.

"विचारून ठेवली होती का?"

दादांनी चपला घातल्या आणि ते गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. कोपऱ्यावर मी उजवीकडे वळायला लागले तशी त्यांनी खिडकीवरचं हँडल घट्ट धरलं. गाडी लोण्यासारखी वळली. दिवा नाही, आवाज नाही. दादांनी हळूच हात खाली घेतला.

"माझंच चुकलं बाई," ते समोर बघत म्हणाले. "घरी सगळ्यांम्होरं सांगतो."

एसटी स्टँड तिथून डावीकडे होता. मी पुन्हा एकदा उजवीकडे वळले.