दरसाल पुढं सरकणारा दगड

आण्णा, म्हणजे माझे वडील, अंबडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सूर्यमाला केवढी असते हे पोरांना कळावं म्हणून त्यांनी एक माप बसवलं होतं. शाळेचं फाटक म्हणजे सूर्य, तिथून शंभर पावलांवर पृथ्वी, तीन हजार पावलांवर शेवटचा ग्रह. आणि त्याच्याही कितीतरी पुढं, घनसावंगीच्या रस्त्याच्या कडेला, चुना फासलेला एक दगड. तो दगड म्हणजे व्हॉयेजर, माझ्या जन्माआधी आकाशात सोडलेलं आणि अजून चालतच असलेलं यान. दर उन्हाळ्यात आण्णा तो दगड साडेतीनशे पावलं पुढं नेऊन ठेवायचे. रिटायर झाल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. मी त्यांना स्कूटीवरून न्यायचे, ते पावलं मोजायचे.

दगडावरचं कुंकू आधी मला दिसलं. पुढच्या साली लिंबू आणि बिब्बे. आण्णा हसले आणि त्यांनी नवा चुना दिला. मला हसू आलं नाही. समोर दहा-बारा घरांची वस्ती होती आणि दगड दरसाल तिच्याकडंच सरकत होता.

त्या वस्तीवरच्या एका म्हातारीनं एकदा आम्हाला अडवलं.

"गुरुजी, काय येऊन राह्यलं हे आमच्याकडं?"

आण्णांनी खाली बसून सगळं समजावलं. माणसांनीच पाठवलेलं यंत्र आहे, सूर्याच्या घरातून बाहेर पडलंय, हा नुसता खुणेचा दगड. तिनं मन लावून ऐकलं.

"मंग थांबणार कुठं ते?"

"कुठंच न्हाई."

"आन आत कोण बसलंय?"

"कोणीच न्हाई, मावशी."

म्हातारी उठली आणि मागं न बघता घरात गेली. खोटं सांगणं आण्णांना कधी जमलंच नाही. त्या पावसाळ्यात वस्तीवरच्या दोन म्हशी दगावल्या.

"आण्णा, आता पुरे करा," मी म्हणाले.

"ते थांबलंय का?" एवढंच ते बोलले. पुढच्या उन्हाळ्यात दगड म्हातारीच्या दारासमोर आला. आण्णा पावलं मोजत होते, तेव्हा वस्तीवरचं एकही दार उघडं नव्हतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्याआधी आण्णांना अर्धांगवायू झाला. वस्तीवरची दोन माणसं घरी आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाहीत.

"ताई, म्हातारी गेली. दगड दारातच हाय. गुरुजीला होत नसंल तर तुम्ही चला."

"तुम्हीच उचलून टाका ना."

"ज्यानं आणला त्यानंच न्यावा. आम्ही हात लावणार न्हाई."

रविवारी मी गेले. दगड दारात नव्हता. धुळीत दोर बांधून ओढत नेल्याचा चर पडला होता. म्हणजे हात कुणी लावलाच नव्हता. त्या चराच्या कडेनं मी स्कूटी चालवत राहिले. रोगराई जावी म्हणून मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात, तसा तो दगड पुढच्या गावाच्या शिवेवर उभा करून ठेवला होता. ताजी लिंबं, ओलं कुंकू. कडुलिंबाच्या झाडाखाली त्या गावची चार-पाच माणसं उभी होती.

"तुम्हीच का त्या गुरुजीच्या?" एकानं विचारलं.

"हो."

"किती दिवसांत पोचतं हे गावात?"

मी स्कूटीवरून उतरले. दगड कसाबसा उचलून पायाशी ठेवला आणि स्कूटी वळवली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. येताना वस्तीवरची दारं माझ्या गाडीच्या आवाजानं एकामागून एक लागत गेली.

आण्णांना खाटेवरून अंगण दिसायचं. अंगणात ठेवलेल्या दगडावर त्यांची नजर गेली. मग वाकड्या झालेल्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "परत... कशाला आणलास?"

तिसऱ्या दिवसापासून आमची भांडीवाली यायची बंद झाली. नंतर कळलं, तिचं माहेर त्याच वस्तीवरचं.