वडझिरीचं काकण

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही — ती तर त्याआधीच गेली होती. सभेतल्या मंडळींना नाही. देवळातसुद्धा नाही; तिथं हात जोडले की मी दुसरंच काहीतरी पुटपुटायचो, आणि देव बिचारा ऐकून घ्यायचा. आता सभेतलं कुणी उरलं नाही. वडझिरीत मला तोंडानं ओळखणारं माणूस सापडायचं नाही. म्हणजे भीती संपली तेव्हा मी सांगायला बसलोय — हे आधीच कबूल करतो. धाडसाचा आव कशाला आणू?

मी अमरावतीत एका कापसाच्या अडत्याकडं कारकून होतो. लोक मुनशीजी म्हणायचे. ते दिवस तुम्ही ऐकून असाल — तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, आणि इकडं आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याला त्याला कापूस. न्हावी दाढी करताना कापसाचं बोलायचा, भटजी संकल्प सोडता सोडता भाव विचारायचे. गावभर रुई उडायची, ताटात यायची, नाकात जायची. आणि मी संध्याकाळी घरी येऊन एका माणसापुरत्या भाकरी थापायचो. दोन थापल्या तर एक उरायची. एक थापली तर पोट भरायचं नाही. हसू नका, एकट्या माणसाला हेच प्रश्न पडतात.

म्हणून सभेनं मला बोलावलं तेव्हा मी धावत गेलो. विद्येची कळकळ वगैरे नंतर आली. खरं कारण — रविवारी दुपारी जायला एक जागा झाली.

सभा म्हणजे आम्ही सातआठ जण. म्हातारे वकीलसाहेब अध्यक्ष, एक वैद्य, एक मास्तर, दोनतीन व्यापारी. वर्षाकाठी एकच काम. दिवाळी झाली की एक मोठा अर्ज लिहायचा आणि बैलगाडीनं अकोल्याला नेऊन शाळाखात्याच्या साहेबाच्या हातात द्यायचा. अर्जात मागणं दरवर्षी तेच. कार्तिक-मार्गशीर्षात पोरं वेचणीला जातात, शाळा ओस पडते. साहेब हजेरी बघतो आणि म्हणतो, ह्या लोकांना शाळा नको, बंद करा. आणि उन्हाळ्यात, पोरं गावभर उंडारत असतात, तेव्हा शाळेला सुट्टी. अहो, सुट्टी वेचणीत द्या ना. एवढी साधी गोष्ट सरकारच्या गळी उतरवायला आम्हाला चार वर्षं लागली. दुसरं मागणं असं, की ज्या गावचे लोक स्वतः मागतील आणि जागा देतील, त्या गावाला शाळा मिळावी.

लोक मागतात हे दाखवायचं कसं? निशाण्यांनी. लिहिता येतं कुणाला? कुणब्यानं कलमाला हात लावायचा, मी त्याच्या नावापुढं नांगर काढायचा. माळ्याचं खुरपं. बाई असली तर काकण, म्हणजे एक गोल. कलमाला हात लावला की झाली सही, मग कोर्टातसुद्धा ती खोटी म्हणता येत नाही. त्यासाठी मी आश्विनापासून गावोगाव फिरायचो, पारावर बसायचो. माझा नांगर फार सुबक यायचा. लोक वाकून बघायचे, म्हणायचे, मुनशीजी, रुमणं बी काढलं का हो? मी रुमणंही, म्हणजे नांगराची मूठसुद्धा, काढायचो. त्या चारदोन घटका मी कुणाचा तरी असायचो.

वडझिरी रिद्धपूरच्या वाटेला, सात कोसांवर. तिथला गणूजी माळी वांगी-मिरची घेऊन दर बाजाराला अमरावतीस यायचा. त्यानं बागेतली गुरांची कोठी शाळेसाठी मोकळी करून ठेवली होती. दोन वर्षं. दर दिवाळीला तिला पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, जमीन सारवायचा, आणि आत कुणाला बसू द्यायचा नाही. बायको म्हणायची, बैल बाहेर भिजून राहिले न् कोठीत कोन, तं विद्या. बाजारात माझ्यापुढं टोपली ठेवून तो एकच विचारायचा, “औंदा तरी येईन का शाळा, मुनशीजी?”

आणि चंद्रभागा. किसन कुणब्याची बायको. साऱ्या मुलखात आमच्या अर्जावर बाईची निशाणी एकच होती, ती हिची. पहिल्या वर्षी नवऱ्यामागून पारापर्यंत आली, पदर सावरत म्हणाली, माह्या पोरीले बी बसू देतीन का? किसन हसला, म्हणाला, लिव्हा मुनशीजी, नाई तं घरात जेवाले नाई भेटत. मी तिच्यासाठी अर्जात एक ओळ घातली. किसनच्या नांगराखाली तिचं काकण काढलं. वकीलसाहेबांनी अकोल्यात साहेबाला ते काकण बोट ठेवून दाखवलं होतं.

आता — येतो. टाळत नाही.

चौथ्या वर्षी वेचणी अशी काही आली की गाडी मिळेना. झाडून साऱ्या गाड्या कापसाला जुंपलेल्या. बाकीच्या गावांना मी कसाबसा, कुणाच्या बोंडांच्या गाठोड्यावर बसून जाऊन आलो. वडझिरी राहिली. पायी जाता आलं असतं. सात कोस काय मोठे? गणूजी दर आठवड्याला येत होताच की. पण मला कंटाळा आला. ताप नव्हता, पाय मोडला नव्हता, मालकानं अडवलं नव्हतं. कंटाळा आला. एवढंच.

ओसरीवर बसून, भर दुपारी, मी गेल्या वर्षीची यादी समोर ठेवली आणि नवा कागद घेतला. तीच नावं. एकामागून एक नांगर काढले. रुमण्यासकट. खुरपी काढली. काकण काढलं. कोण बघणार होतं? निशाण्या दरवर्षी माझ्याच हातच्या. उतरवताना मी गुणगुणत होतो, तेही आठवतं.

किसन श्रावणात पटकीनं गेला होता.

मला माहीत नव्हतं असं म्हणू? म्हणता आलं असतं. पण गणूजीनं मला बाजारात सांगितलं होतं. वांगी निवडत होतो मी. तो म्हणाला, किसन गेला हो मुनशीजी, दोन दिसात. मी च्च केलं आणि विचारलं, ही काटेरी वांगी कोवळी आहेत ना? कानानं ऐकलं, मनानं नाही.

माघात साहेब दौऱ्यावर निघाला. अर्ज त्याला पटला होता, पण एकेका गावी जाऊन तो शहानिशा करणार होता. सोबत शिरस्तेदार, वकीलसाहेब आणि मी. वडझिरीला आम्ही सकाळी पोचलो. गणूजीनं कोठीच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं. साहेब आत वाकून बघून आला, खूष दिसला. मग पारावर खुर्ची मांडली आणि शिरस्तेदारानं माझा कागद उघडला. नाव पुकारायचं, माणसानं पुढं यायचं, आपली निशाणी आहे म्हणायचं. माझ्या पाचावर धारण बसली. पण पहिले चारसहा जण आले, कागदावरचा नांगर बघितला आणि हो म्हणाले — गेल्या वर्षी हात लावला होता, त्यांना कोणता कागद कुठला काय कळणार? मला वाटलं, निभावलं.

मग शिरस्तेदारानं पुकारलं — किसन, निशाणी नांगर.

कुणी पुढं आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी म्हणालं, तो नाही. शिरस्तेदार म्हणाला, नाही तर नाही, पुढं. आणि पुढचं वाचलं — चंद्रभागा, निशाणी काकण.

बायका देवळाच्या भिंतीला उभ्या होत्या. त्यांतून ती पुढं आली. तिनं पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि शिरस्तेदारापुढं धरले. मोकळे. कोपरापर्यंत मोकळे. साऱ्या गावापुढं तशी उभी राहिली, आणि मग परत गेली.

तिचा दीर उठला. कोनं केलं हे, म्हणाला. मेल्या मानसाच्या खाली तिचं काकण कोनं काढलं? साहेबानं शिरस्तेदाराला विचारलं, शिरस्तेदारानं वकीलसाहेबांना, आणि वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारा माणूस, चार वर्षं ह्या अर्जापायी झिजलेला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो — यंदा मला गावी येणं झालं नाही, गणूजी बाजारात आला होता, त्यानं नावं सांगितली, सगळ्यांच्या वतीनं त्यानंच कलमाला हात लावला.

किती सफाईनं आलं ते. आधी घोकून ठेवल्यासारखं.

शिरस्तेदार वळला. का रे, तू सांगितलीस नावं? गणूजी माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. बाजारात शाळेचं विचारून उत्तराची वाट बघायचा, तसाच. मी खाली बघितलं. मग तो म्हणाला, “हो जी. चुकलं माह्यं.”

साहेबानं वडझिरीवर काट मारली. बाकीच्या गावांना शाळा मिळाल्या. वेचणीची सुट्टीही मिळाली, पुढल्याच वर्षापासून. सभेनं अकोल्यात समारंभ केला आणि मला शालजोडी दिली. मी ती घेतली. थंडीत वापरलीसुद्धा.

गणूजीचं काय झालं? विधवेची थट्टा केली म्हणून गावानं त्याच्याशी बोलणं सोडलं. कुणब्यांनी त्याच्या बागेचं पाणी अडवलं नाही, मारलं नाही, काही नाही — नुसतं बोलणं सोडलं. पारावर तो आला की लोक उठायचे. चंद्रभागेनं पोरीला घेऊन माहेर गाठलं, ती परत आल्याचं ऐकलं नाही. ती पोर कुठं शिकली का? मी चौकशी केली नाही. बाजारात मी दुसऱ्या तोंडानं शिरायला लागलो, गणूजीची टोपली दिसू नये म्हणून. वांगी खाणंच सोडलं म्हणा ना. चोराच्या मनात चांदणं.

वर्षभरानं तो स्वतःच माझ्या ओसरीवर आला. मला वाटलं, आता बोलेल. मी घाबरलो, आणि — खोटं कशाला सांगू — थोडा सुटल्यासारखाही झालो. तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, “मले माह्यं नाव लिव्हाले शिकवा मुनशीजी.”

मी शिकवलं. दर बाजाराला, माल विकून झाला की तो यायचा. पाटीवर धुळाक्षरांसारखं मोठं मोठं लिहायचा. हात खुरप्याला सरावलेला, पेन्सिल मोडायची. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता, मी त्याच्यासाठी भाकरी थापायचो, तो खायचा. दोन थापल्या तरी उरत नव्हती. एवढ्या दिवसांत किती वेळा माझ्या जिभेवर आलं असेल? दर वेळी मी म्हणायचो, ग ची काठी सरळ ओढ.

शेवटच्या दिवशी मीच विचारलं, हळूच, भिंतीकडं बघत — त्या दिवशी हो का म्हणालास? तो पाटी पुसत होता. म्हणाला, “तुमी खोटे निंगाले असते तं समदाच कागद खोटा झाला असता. बाकीच्या गावायनं का करावं मंग?” आणि जाताना म्हणाला, माह्या गावात तसंही मले वळखतेत, चार दिस रागावतीन.

ते चार दिवस तो मरेपर्यंत संपले नाहीत.

तेव्हा तरी? तेव्हाही मी वकीलसाहेबांकडं गेलो नाही. ते हयात होते, साहेब तोच होता, एक पत्र लिहायचं होतं. मी उभ्या जन्मात दुसरं केलं काय, पत्रं लिहिण्याशिवाय?

त्या दिवाळीला गणूजीनं मला एक कागद आणून दिला. वडझिरीस शाळा व्हावी, एवढं माझ्याकडून वर लिहून घेतलं होतं, आणि खाली त्याच्या हातचं, वाकडं, कागदाबाहेर पळणारं — गणू माळी. एकच नाव. गावातलं दुसरं कुणी त्याच्याबरोबर कलमाला हात लावायला तयार नव्हतं. नव्या गावांसाठी सभेचा अर्ज दरसाल जायचाच; त्याला जोडा म्हणाला, आता कोनी म्हनू शकत नाई का दुसऱ्यानं केली.

मी जोडला नाही. वडझिरीचं नाव पुन्हा निघालं असतं, तर विचारपूस झाली असती. अर्ज अकोल्याला गेला, कागद माझ्या पेटीत राहिला. पुढल्या दिवाळीला त्यानं विचारलं, मी म्हणालो, साहेबानं मानलं नाही. त्यानं मान हलवली. त्या वर्षीही कोठी सारवली होती म्हणे.

वडझिरीला शाळा तो गेल्यावर पुष्कळ वर्षांनी झाली, दुसऱ्याच जागी. मी बघायला गेलो नाही.

तो कागद अजून माझ्याकडं आहे. शाई उडत चालली आहे, नाव वाचता येतं. त्या यादीतले नांगर मी काढले होते. किसनचा मी काढला. चंद्रभागेचं काकण मी काढलं. गणूजीनं कलमाला हात लावला नव्हता.