आत्येची एफडी

महासाथीच्या दुसऱ्या वर्षी आत्येच्या एफडीची मुदत संपली, ती नव्याने गुंतवली आणि व्याज एकदम घसरलं. तिचे यजमान पोफळीच्या वीजगृहात नोकरीत असतानाच गेले होते. तेव्हा मिळालेला सगळा फंड तिने बँकेत ठेवला. मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीत भाड्याच्या एका खोलीत ती त्या व्याजावर राहायची. मी देवरूखला कॉलेजात होतो तेव्हा माझं खोलीभाडंही त्यातूनच जायचं.

पासबुक घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक.

"काय रे, बँकेने चूक केलीन का?"

"चूक नाही गो. मध्यवर्ती बँकेने मुद्दाम दर पाडलेत. शिवाय रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतलाय. कर्ज स्वस्त झालं की लोक घरं घेतात, धंदे काढतात. देशाची वाढ होते."

"आणि माझं?"

"तुझ्यासारख्यांनी पैसे दाबून बसू नये, हाच तर हेतू आहे," मी म्हणालो आणि हसलो. बायकोही हसली.

"दाबून कुठे बसल्ये? खात्ये मी ते," आत्ये म्हणाली.

त्याच महिन्यात आम्ही फ्लॅट बघत होतो. कर्ज इतकं स्वस्त मी कधी पाहिलं नव्हतं. कमी पडत होती ती सुरुवातीला भरायची रक्कम. मी आत्येला म्हटलं, व्याज मिळतच नाही तर एफडी मोड, नव्या घरात एक खोली तुझी. बँकेतल्या बाईंनी तिला विचारलं, "आजी, नक्की मोडायची ना?" आत्येने तोंड उघडायच्या आत मीच "हो" म्हणालो.

त्या वर्षी एका चर्चासत्रात मी अपारंपरिक चलनधोरण आणि आर्थिक वाढ यावर निबंध वाचला. आम्ही फ्लॅट घेतला त्या नव्या इमारतीतले सगळे फ्लॅट खपले, हे त्यातलं माझं आवडतं उदाहरण. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "सर, ही वाढ झाली, की कुणाची तरी जमापुंजी तुमच्या इमारतीत गेली?" मी तिला चार जड शब्दांत गप्प केलं. सभागृहात लोक हसले. मला बरं वाटलं.

मग महागाई वाढली, दर चढले, आमचा हप्ता फुगला. बायकोने आत्येची खोली भाड्याने द्यायचं सुचवलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी चहा घेताना मी आत्येला म्हणालो, "सावर्ड्याला तुझी चुलत नणंद आहे ना, तिच्याकडे राहा थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"दर उतरेपर्यंत."

तिने बॅग भरली. गाडीत मला विचारलंन, "आता एफडीला किती देतात रे?" मी आकडा सांगितला.

"बरे देतात की," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

पुढे दर खरंच उतरले. भाडेकरू वेळेवर पैसे देत होता, म्हणून आम्ही तो विषय काढला नाही. मागच्या महिन्यात लग्नाला जाताना मी सावर्ड्याला दहा मिनिटं थांबलो. आत्ये पडवीत नणंदेच्या नातवंडांचे कपडे घडी करत बसली होती. तिने शेजारणीला हाक मारून मला दाखवलं.

"हा माझा भाचा. प्राध्यापक आहे. पैशातलं सगळं कळतं त्याला."